बकेट लिस्टमधलं आत्ताच काय करायचं आणि थांबू शकेल असं काय?

मोकळीवाट

'तरुण आहात तोवर फिरून घ्या' असं सगळे सांगतात. 'आधी पायावर उभे राहा, फिरायला अख्खं आयुष्य पडलंय' असंही सगळे सांगतात, आणि पुष्कळदा दोन्ही सांगणारी माणसं तीच असतात. वाद चालू राहतो आणि याद्या जागच्या जागी राहतात. मला तो जरा वेगळ्या बाजूनं मांडून बघायचा आहे, म्हणून हा धागा.

यादीतली प्रत्येक गोष्ट वेगळ्या कारणानं हातची जाते. काही शरीरामुळे, काही नियमांमुळे, काही ती जागाच बदलते म्हणून, काही बरोबर येणारं माणूस राहत नाही म्हणून. आणि काही मुळीच जात नाहीत. सत्तरीत केल्या तरी तितकाच आनंद देतात, कधी जास्तच. आपण मात्र सगळ्यांना सरसकट 'लवकर की उशिरा' हा एकच प्रश्न लावतो.

आफ्रिकेतलं किलिमांजारो शिखर घ्या. उंची ५,८९५ मीटर. नेहमीच्या वाटांनी जायला दोर लागत नाही, चालत जाता येतं, म्हणून ते कितीतरी जणांच्या यादीत असतं. पण आठवडाभर रोज चालायचं, तंबूत झोपायचं, भूक मेलेली असताना चार घास पोटात ढकलायचे आणि शेवटच्या दिवशी मध्यरात्रीच्या सुमारास गोठवणाऱ्या थंडीत चढायला लागायचं, हे पंचविशीतलं शरीर फारशी तयारी नसतानाही निभावून नेतं. पंचावन्नाव्या वर्षी ते आपोआप होत नाही. व्यायाम न करणाऱ्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण १० टक्क्यांनी घटते. व्यायाम चालू ठेवला तर घट बरीच कमी होते, पण थांबत नाही. स्कूबा डायव्हिंगआधी जी वैद्यकीय प्रश्नावली भरून घेतात तिच्यातही 'वय ४५ च्या वर आहे का' हा प्रश्न असतो, आणि उत्तर 'हो' असेल तर पुढे आणखी प्रश्न लागतात.

नियमांचं तर अगदी स्पष्ट आहे. ऑस्ट्रेलियाचा वर्किंग हॉलिडे व्हिसा १८ ते ३० वयासाठी आहे, काही देशांच्या नागरिकांना ३५ पर्यंत. जपान आणि न्यूझीलंड यांच्याही अशाच योजना आहेत. मिळेल ते काम करत करत वर्षभर एखाद्या देशात राहायचं, तिथली भाषा कानावर पडू द्यायची, महिन्या-दोन महिन्यांनी गाव बदलायचं. एकतिसावा वाढदिवस झाला की बहुतेकांसाठी हा रस्ता संपतो. नंतर कितीही पैसा आला तरी तो अनुभव त्या स्वरूपात विकत मिळत नाही.

आणि जागा. १९६०-७० च्या दशकांत युरोपातून इस्तंबूल, तेहरान, काबूल अशी जमिनीवरून आशियात जाण्याची एक वाट होती. हजारो तरुण-तरुणी मिळेल त्या बसनं, व्हॅननं त्या वाटेनं गेले. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या आणि ती वाट मिटली. ज्यांनी 'पुढच्या वर्षी बघू' म्हटलं होतं त्यांचं ते पुढचं वर्ष आलंच नाही. माल्टाच्या गोझो बेटावरची 'अझूर विंडो' ही दगडी कमान ८ मार्च २०१७ ला वादळात कोसळली. बोलिव्हियातली चाकालताया हिमनदी, जिच्यावर लोक स्कीइंग करायचे, २००९ पर्यंत वितळून संपली.

उलट संग्रहालयं आपल्यासाठी थांबतात. लांब पल्ल्याचे रेल्वेप्रवास थांबतात. अंटार्क्टिकाची जहाजसफरही थांबते, तिथे येणाऱ्यांत निवृत्त मंडळी भरपूर असतात. स्पेनमधल्या 'कामिनो दे सान्तियागो' या जुन्या यात्रामार्गाला वयाची अटच नाही. फ्रान्सच्या बाजूनं पिरेनीज ओलांडून येणारी प्रसिद्ध वाट सुमारे ७८० किलोमीटरची आहे, पण शेवटचे १०० किलोमीटर चाललं तरी यात्रेचं प्रमाणपत्र मिळतं.

माझं मत असं, की यादी आवडीच्या क्रमानं न लावता हातची जाण्याच्या क्रमानं लावावी. तुम्ही तुमची कशी लावता?

निशाचर

यात आकाश राहिलं! आकाशाचं वेळापत्रक कुणासाठी हलत नाही. पृथ्वीवरच्या कुठल्याही एका ठिकाणाहून खग्रास सूर्यग्रहण सरासरी पावणेचारशे वर्षांतून एकदा दिसतं. म्हणजे घरी बसून वाट बघणाऱ्याला ते बहुधा दिसणारच नाही, उठून जावंच लागतं. २ ऑगस्ट २०२७ चं ग्रहण दक्षिण स्पेनपासून उत्तर आफ्रिकेवरून अरबस्तानाकडे जाणार आहे आणि इजिप्तमधल्या लक्सरजवळ खग्रास स्थिती सहा मिनिटांहून जास्त टिकणार आहे. बऱ्याच ग्रहणांत दोन-तीन मिनिटं मिळतात. खंडग्रास आणि खग्रास यांत ९९ आणि १०० टक्क्यांचा फरक आहे असं वाटतं, पण अनुभव पूर्ण वेगळा आहे. ९९ टक्क्यांना दिवस मंदावतो एवढंच. १०० टक्क्यांना तारे दिसतात, क्षितिजावर चहूबाजूंनी संध्याकाळ उमटते आणि काळ्या वर्तुळाभोवती सूर्याचा प्रभामंडल उभा राहतो.

दुसरं, जे फारसं कुणी सांगत नाही. काळोखात विशीतल्या डोळ्याची बाहुली साधारण ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, उतारवयात ५ च्या आसपास. आत येणारा प्रकाश बाहुलीच्या क्षेत्रफळावर ठरतो, म्हणजे तो जवळजवळ निम्मा होतो. त्यात नेत्रभिंग पिवळसर होत जातं. नामिबियाचं वाळवंट किंवा चिलीचं आटाकामा यादीत असेल, तर ते रात्रीचं आकाश तरुण डोळ्यांनी एकदा बघाच. हॅलेचा धूमकेतू १९८६ मध्ये येऊन गेला, आता २०६१ मध्ये येईल. त्याला मात्र थांबण्याशिवाय इलाज नाही, तब्येत सांभाळा.

शिदोरी

चर्चा छान आहे, पण पैशाची बाजू कुणीतरी मांडायला हवी.

वर्षाला ८ टक्के परतावा धरला तर रक्कम नऊ वर्षांत दुप्पट होते. पंचविसाव्या वर्षी बाजूला टाकलेली रक्कम एकसष्टाव्या वर्षी सोळापट. तीच चौतिसाव्या वर्षी टाकली तर आठपट. पहिल्या नऊ वर्षांच्या विलंबात अंतिम रक्कम निम्मी होते. त्यामुळे विशीत प्रवासावर उडवलेले पैसे दिसतात तेवढेच नसतात, त्यांच्या मागे त्यांची वाढही गेलेली असते. सगळ्यात जास्त टोचतं ते कर्ज काढून फिरणं. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवरचं व्याज कुठल्याही साध्या गुंतवणुकीच्या परताव्याच्या कितीतरी पुढे असतं. प्रवास आठ दिवसांत संपतो, हप्ते दोन-दोन वर्षं चालतात, आणि त्या दोन वर्षांत नोकरी बदलायची हिंमत होत नाही, एखादी संधी आली तर घेता येत नाही. मोकळेपणासाठी केलेल्या गोष्टीनं मोकळेपणाच गेला.

कमवायला लागल्यापासून पहिली काही वर्षं नेटानं साठवा, मग फिरा, असं माझं प्रामाणिक मत आहे.

मोकळीवाट

@शिदोरी, कर्ज काढून फिरू नये, हे शंभर टक्के मान्य. व्याजाच्या गणिताबद्दल मात्र एक भर घालते. विशीत तोच प्रवास फार स्वस्तात होतो, कारण आपल्याला फार थोडं लागतं. दहा जणांच्या खोलीतली एक खाट चालते, रात्रीच्या बसमध्ये झोप लागते, दिवसभराचा उशीर झाला तरी काही बिघडत नाही. चाळिशीत तोच मार्ग तशाच पद्धतीनं करणं बहुतेकांना जमत नाही, तेव्हा पाठ, झोप आणि सुट्टीचे मोजके दिवस यांचीही किंमत मोजावी लागते. त्यामुळे 'आज वाचवून उद्या तेच करू' यातलं 'तेच' उद्या बरंच महाग झालेलं असतं.

शिवाय सगळं साठवून मग सगळं खर्च करायचं असं कुठे आहे? पगारातला ठरलेला भाग आधी गुंतवणुकीला, उरलेल्यातला एक छोटा भाग प्रवासाच्या वेगळ्या खात्यात. खात्यात असेल तेवढंच फिरायचं.

शिदोरी

वेगळं खातं ही शिस्त पाळली तर माझा विरोध बराच मावळतो. तरी आणीबाणीसाठी सहा महिन्यांचा खर्च बाजूला नसेल तर प्रवासाचं खातं उघडू नये, यावर मी ठाम आहे. तरुण माणसाचीही नोकरी जाते.

सावली

हे सगळं वाचताना मला एक सांगावंसं वाटतं. ज्यांना विशीत निघता येत नाही त्यांचं काय? घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असतं, लहान भावंडं असतात. माझी ती वर्षं घरातल्या आजारपणात गेली. त्याचं मला वाईट वाटत नाही, ते माणूस माझंच होतं. पण 'विशी परत येत नाही' हे वाक्य ज्या सहजतेनं फेकलं जातं ते ऐकताना आत काहीतरी तुटतं. जणू आमच्यासाठी गाडी सुटली.

अशा वेळी मला डर्व्हला मर्फी ही आयरिश प्रवासी आठवते. दहाव्या वाढदिवसाला तिला एक जुनी सायकल आणि एक नकाशांचं पुस्तक भेट मिळालं, आणि तिनं मनाशी ठरवलं की सायकलनं भारतात जायचं. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, कारण आईला संधिवातानं पूर्ण जखडलं होतं आणि तिची सेवा करायची होती. पुढची पंधरा-सोळा वर्षं ते काम तिनं केलं. मधे थोडी उसंत मिळाली की युरोपात छोट्या सायकल सहली करून यायची. १९६१ मध्ये वडील गेले, १९६२ मध्ये आई. जानेवारी १९६३ मध्ये, युरोपातल्या भयंकर कडाक्याच्या हिवाळ्यात, ती एकटी सायकलवर निघाली. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. मोकळीवाट यांनी लिहिलेली इराण-अफगाणिस्तानची वाट तेव्हा उघडी होती, त्याच वाटेनं ती भारतात पोचली. पुढे सत्तरी उलटल्यावरही ती सैबेरियात हिंडत होती. २०२२ मध्ये नव्वदाव्या वर्षी ती गेली.

मला यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग त्या मधल्या छोट्या सहलींचा वाटतो. मोठं स्वप्न लांबलं तरी तिनं सायकल चालवणं सोडलं नाही, म्हणून वेळ आली तेव्हा शरीर आणि सवय दोन्ही तयार होतं. ज्यांना आत्ता निघता येत नाही त्यांनी निदान पाय चालते ठेवावेत. एका दिवसात होईल ते करावं.

निवांत

सावली, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मनापासून लिहिलंय.

मी निवृत्तीनंतर फिरायला लागलेला माणूस. तरुणांना एवढंच सांगेन, की उशिरा सुरुवात होऊ शकते, फक्त तिला तयारीची पुंजी लागते. जपानचे युइचिरो मिउरा सत्तराव्या, पंचाहत्तराव्या आणि २०१३ मध्ये ऐंशीव्या वर्षी एव्हरेस्टवर गेले, मधे हृदयावर शस्त्रक्रिया होऊनसुद्धा. पण ते आयुष्यभर स्कीइंग करणारे खेळाडू होते हेही लक्षात घ्या. नुसती इच्छा ऐंशीपर्यंत टिकवून तिथे जाता येत नाही.

आणि आठवणींबद्दल. स्मृतीवर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे: चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातलं आठवायला सांगितलं, की दहा ते तीस या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त येतात. त्या वर्षांत बहुतेक गोष्टी पहिल्यांदा घडतात आणि आपण कोण हेही तेव्हाच ठरत असतं, अशी कारणं दिली जातात. माझ्याबाबतीत ते खरं आहे. अलीकडचे सुखसोयींचे प्रवास एकमेकांत मिसळून जातात. विशीत एका मित्राबरोबर केलेली डोंगरातली भटकंती मात्र मला आजही वळणावळणानं सांगता येते. तो मित्र आता नाही. त्याच्याबरोबर आणखी एक मोठी वाट करायचं ठरलं होतं. ती वाट अजून तिथेच आहे, मला तब्येतीनं जमेलही, पण मला ती आता करायची नाही. धागाकर्तीनं बरोबरच्या माणसाचा उल्लेख एका ओळीत केलाय. मी असतो तर तो सगळ्यात वर घेतला असता. आईवडिलांना समुद्र दाखवायचा असेल, बहिणीबरोबर कुठे जायचं असेल, तर त्याची मुदत किलिमांजारोपेक्षा कमी आहे.

मोकळीवाट

निवांतकाका, पटलं. तो मुद्दा वर न्यायला हवा.

चढण

डोंगराबद्दल एक गंभीर सूचना, कारण 'तरुणपणी जा' हे वाचून कुणी धाडस करेल. विरळ हवेचा त्रास तरुण आणि तंदुरुस्त माणसाला होत नाही हा समज पूर्ण चुकीचा आहे. दमदार पोरं भराभर वर जातात आणि म्हणूनच अडकतात. साधारण २,५०० मीटरच्या वर हा त्रास कुणालाही होऊ शकतो. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजची झोपण्याची जागा आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नसावी, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं. एव्हरेस्टचा नेपाळ बाजूचा बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे. जाताना वाटेत थांबायचे दिवस कापून सुट्टीत बसवलेला कार्यक्रम दिसला तर तो घेऊ नका. डोकं दुखतंय, मळमळतंय तर आणखी वर चढायचं नाही. तोल जायला लागला, बोलणं अडखळायला लागलं किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली उतरायचं. डोंगर पुढच्या वर्षी असतो.

पाणथळ

मला या 'संपायच्या आत बघून घ्या' विचाराची थोडी भीती वाटते. ऑस्ट्रेलियातल्या उलुरूचं उदाहरण आहे. तो खडक तिथल्या अनांगू लोकांसाठी पवित्र आहे आणि कृपया चढू नका अशी त्यांची विनंती कित्येक वर्षं होती. २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाईवर कायमची बंदी येणार हे जाहीर झाल्यावर शेवटच्या महिन्यांत चढणाऱ्यांची रांग लागली. ज्यांच्या यादीत ते आधी नव्हतं त्यांनीही, बंद होतंय म्हणून, घाईनं चढून घेतलं. थायलंडची माया बे खाडी २०१८ मध्ये बंद करावी लागली, कारण रोजच्या बोटी आणि हजारो पर्यटकांनी तिथलं प्रवाळ उद्ध्वस्त केलं होतं. २०२२ मध्ये ती पुन्हा उघडली ती मर्यादित संख्येत.

हातची जाण्याच्या क्रमानं यादी लावायची असेल तर आपल्या जाण्यानं ती जागा आणखी लवकर संपते का, हा प्रश्न त्या नावासमोर लिहावा. काही नावं खोडावी लागतील. मी खोडली आहेत.

निशाचर

पाणथळ यांना अनुमोदन. म्हणूनही आकाश बरं, ते बघून झिजत नाही.

कोराकागद

पहिल्यांदाच लिहितोय. वय २३. शिक्षण संपलंय, नोकरी पक्की आहे, मधे काही महिने रिकामे आहेत. साठवलेले पैसे थोडे. यादी भलीमोठी: नॉर्दर्न लाइट्स (ध्रुवाकडच्या आकाशातला रंगीत उजेड), पेरूतलं माचू पिचू, डायव्हिंग, लांब पल्ल्याचा पायी प्रवास, आणि बरंच. घरचे म्हणतात हे महिने वाया घालवू नकोस, लवकर रुजू हो. तुम्ही माझ्या जागी असता तर काय निवडलं असतं?

मोकळीवाट

@कोराकागद, तुमच्या प्रश्नामुळे मूळ लेखात राहिलेली सगळ्यात मोठी गोष्ट लक्षात आली: सलग वेळ. पैसा वाढत जातो, सुट्ट्याही मिळतात, पण कुणाला उत्तर द्यावं न लागणारे सलग काही महिने नोकरी लागल्यावर फार क्वचित हाती येतात. त्यामुळे जे एका आठवड्याच्या सुट्टीत बसतं ते आत्ता करू नका. माचू पिचू आठवड्या-दहा दिवसांत होतं, नंतर होईल. नॉर्दर्न लाइट्ससाठी सूर्याचं साधारण अकरा वर्षांचं चक्र असतं. २०२४ च्या आसपास त्याचा जोर मोठा होता, पुढचा जोर २०३० च्या दशकाच्या मध्याला येईल, आणि एरवीही ध्रुववृत्ताजवळ हिवाळ्यात काळोख्या, निरभ्र रात्री ते दिसतात. तेही थांबू शकतं.

लांब पल्ल्याचा पायी प्रवास मात्र आत्ताच. त्याला पैसे कमी, वेळ जास्त आणि गुडघे चांगले लागतात, आणि तिन्ही तुमच्याकडे आहेत. पहिले काही दिवस अंग दुखतं, मन मागे धावतं. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात चालणं अंगवळणी पडतं आणि मग जे सुरू होतं ते छोट्या सुट्टीत कधीच सुरू होत नाही. मी हे अगदी जीव तोडून सांगतेय.

घरच्यांशी बोलताना चार्ल्स डार्विनची गोष्ट सांगा. १८३१ मध्ये बाविसाव्या वर्षी त्याला 'बीगल' जहाजावर जायचं निमंत्रण आलं, तेव्हा वडिलांनी साफ नकार दिला होता. मुलगा आधीच एक शिक्षण अर्धवट सोडून बसलेला, त्यात हे उनाडणं, अशी त्यांची काळजी होती. मामानं एकेका आक्षेपाला उत्तर दिलं आणि वडील राजी झाले. सफर जवळपास पाच वर्षं चालली. १८३६ मध्ये परत आल्यावर त्यानं पुन्हा कधी ब्रिटन सोडलं नाही. तब्येत आणि संसार यांनी ते जमूच दिलं नाही. जे बघायचं ते त्या एका खेपेत बघून झालं होतं, आणि त्यावर तो उरलेलं आयुष्य काम करत राहिला. आईवडिलांची काळजी खोटी नसते. त्यांना उडवून लावू नका, आक्षेप लिहून घ्या आणि एकेकाचं उत्तर द्या: पैसे कुठून, परत कधी, रुजू व्हायची तारीख लेखी पक्की आहे का, संपर्क कसा.

शिदोरी

रुजू व्हायची तारीख लेखी घ्या, हे ठळक अक्षरांत वाचावं. आणि परतल्यावर पहिला पगार हातात येईपर्यंतचा खर्च आधीच बाजूला काढून ठेवा. तेवढं केलंत तर माझ्याकडूनही 'जा'.

कोराकागद

सगळ्यांचे आभार. पायी प्रवासाचं ठरवतोय. आक्षेपांचा कागद आज रात्री घरी काढतो. एक शंका: प्रवास विमा घेतला की डोंगरातलं सगळं त्यात येतं का? वाटेत एक-दोन उंच खिंडी आहेत.

चढण

नाही येत. बऱ्याच साध्या प्रवास विम्यांत ठरावीक उंचीच्या वरचा ट्रेक वगळलेला असतो आणि हेलिकॉप्टरनं खाली आणण्याचा खर्चही कधीकधी वेगळा घ्यावा लागतो. पॉलिसीतला 'वगळलेल्या गोष्टी' हा भाग आधी वाचा, तुमच्या वाटेवरची सगळ्यात उंच खिंड किती मीटरची आहे ते बघा, आणि त्या उंचीपर्यंत संरक्षण आहे असं कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या. बूट आत्ताच आणून रोज घालायला लागा, निघायच्या दिवशी नवे बूट पायात नकोत. खिंडींची नावं इथे लिहा, मुक्कामांचे टप्पे मिळून बघू.